मध्यम कवींचे ऋण

इंग्रजी साहित्याच्या पदवी अभ्यासक्रमात 'एव्हरीमन' हे नीतिनाट्य पुष्कळ ठिकाणी नेमलेले असते. मृत्यूचे बोलावणे आलेला एक सामान्य माणूस मित्र, आप्त, धनसंपत्ती अशा एकेकाला सोबत येण्याची विनवणी करतो आणि अखेरीस त्याच्याबरोबर कबरीपर्यंत जाते ते फक्त त्याचे सत्कर्म. या नाटकाच्या प्रस्तावनेत बहुधा एक वाक्य असते: हे इंग्रजी नाटक 'एल्कर्लिक' या डच नाटकावरून आले आहे. वाक्य तिथेच संपते. डच भाषेत असे नाटक कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, ते कोणत्या निमित्ताने रंगमंचावर आले, हे प्रश्न कोणी विचारत नाही. मीही अनेक वर्षे विचारले नव्हते. आपल्या मनातील युरोपीय साहित्याचा नकाशा इटली, फ्रान्स, स्पेन, इंग्लंड आणि पुढे जर्मनी व रशिया असा आखलेला असतो. त्यात डच भाषेला जागा नाही.

या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो, तेव्हा एकाऐवजी अनेक लेखकांपाशी येऊन पोहोचलो. 'एल्कर्लिक'चा कर्ता डीस्ट गावचा पीटर असावा असे मानतात, पण त्याविषयी एकमत नाही. मात्र १५३६ साली या नाटकाचे जे लॅटिन रूपांतर निघाले, त्यात मूळ नाटकाला ब्राबांतमधील एका स्पर्धेत पारितोषिक मिळाल्याची नोंद आहे. म्हणजे लेखकाचे नाव धूसर आणि स्पर्धा मात्र ठळक. ही स्पर्धा भरवणाऱ्या संस्था म्हणजेच कवींची मंडळे. या मंडळांना डच भाषेत 'रेडरायकर-कामर' म्हणतात. त्यांच्याविषयी साहित्येतिहासाने जो निवाडा दिला तो मला चुकीच्या मापाने दिलेला वाटतो, आणि ते माप आपणही रोज वापरतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडी माहिती. आजचा नेदरलँड्स आणि बेल्जियमचा उत्तरेकडील भाग मिळून जो प्रदेश होतो, तो पंधराव्या शतकात बर्गंडीच्या ड्यूकांच्या आणि पुढे हाब्सबर्ग घराण्याच्या सत्तेखाली होता. फ्लँडर्स आणि ब्राबांत हे त्यातील सर्वांत समृद्ध प्रांत. गेंट, ब्रूज, अँटवर्प, ब्रुसेल्स, लूवेन ही शहरे कापडाच्या धंद्यावर आणि व्यापारावर गबर झालेली होती. दरबाराची भाषा फ्रेंच, विद्यापीठाची आणि चर्चची लॅटिन, आणि शहराच्या रस्त्यावरची, बाजारातली, नगरसभेतली भाषा डच. 'रेडरायकर' हा शब्दही मुळात फ्रेंचमधील वक्तृत्वशास्त्रज्ञ या अर्थाच्या शब्दावरून घडला. डच कानांना मात्र त्यात 'वाणीने श्रीमंत' असा अर्थ ऐकू आला. 'कामर' म्हणजे खोली. खोलीत जमणारे, वाणीने श्रीमंत लोक.

या मंडळांची मुळे दोन. एक, धार्मिक बंधुसंघ आणि त्यांच्या मिरवणुका, ज्यांत बायबलमधील प्रसंगांचे देखावे आणि छोटी नाटके सादर होत. दुसरे, उत्तर फ्रान्समधील शहरांत चालणाऱ्या काव्यस्पर्धांची परंपरा. ब्रूजमधील 'पवित्र आत्मा' हे मंडळ १४२८ सालचे. गेंटच्या 'फॉन्टेन' म्हणजे 'झरा' या मंडळाला १४४८ मध्ये नगरसभेने रीतसर नियमावली मंजूर करून दिली. पुढील शतकभरात फ्लँडर्स, ब्राबांत, झीलँड, हॉलंड या प्रांतांतील बहुतेक प्रत्येक शहरात आणि अनेक खेड्यांत असे मंडळ उभे राहिले. मोठ्या शहरांत तर तीन-तीन, चार-चार.

मंडळाची रचना कारागिरांच्या आणि धनुर्धाऱ्यांच्या श्रेणींसारखी होती. प्रमुखाला 'प्रिन्स' म्हणत, त्याच्याबरोबर कारभार पाहणारे अधिकारी असत, ध्वजवाहक असे आणि एक अधिकृत विदूषकही असे. प्रत्यक्ष लिहिणारा, नाटके बसवणारा, नवशिक्यांना छंद शिकवणारा जो कवी, त्याला 'फाक्टर' म्हणत. प्रत्येक मंडळाचे एक नाव असे, पुष्कळदा फुलाचे किंवा झाडाचे, एक ब्रीदवाक्य असे आणि चित्रकोडे रंगवलेली एक ढाल असे. बैठका चुकवणाऱ्याला दंड होई. नगरसभा पैसे देई, मद्य देई, मिरवणुकीसाठी वस्त्रे देई. त्या बदल्यात राजा शहरात आला, तह झाला किंवा राजपुत्र जन्मला की मंडळाने रस्त्यावर नाटक उभे करायचे. अँटवर्पमध्ये तर चित्रकारांची सेंट ल्यूक श्रेणी आणि 'व्हिओलीरन' हे कविमंडळ १४८० पासून एकमेकांना जोडलेले होते. ढाल रंगवणारा आणि कविता रचणारा एकाच छपराखाली बसत.

आता ते लिहीत काय, हे पाहू. त्यांचा सर्वांत लाडका प्रकार म्हणजे 'रेफ्रेन'. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तीच ओळ, म्हणजे आपल्या परिभाषेत ध्रुवपद, आणि ती ओळ बहुधा स्पर्धेच्या यजमानांनी आधीच दिलेली. समस्यापूर्ती म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला याहून अधिक सांगायला नको. रेफ्रेनचे तीन वर्ग: गंभीर, शृंगारिक आणि वेडपट. होय, वेडपटपणा हा त्यांच्याकडे स्वतंत्र, नियमबद्ध काव्यप्रकार होता आणि त्यालाही पारितोषिक असे. शेवटचे कडवे 'प्रिन्स'ला उद्देशून. आपल्या संतकवींच्या रचनेत अखेरीस कवीची नाममुद्रा येते. रेफ्रेनच्या अखेरीस ऐकणाऱ्याची येते. हा फरक मला फार बोलका वाटतो.

याखेरीज जागच्या जागी, ठरावीक वेळात, गुडघ्यावर कागद ठेवून रचायच्या कविता होत्या. उलटसुलट वाचता येणाऱ्या रचना होत्या. औडेनार्ड गावचा मातैस द कास्टेलेन हा धर्मगुरू, नोटरी आणि तेथील मंडळाचा फाक्टर. त्याने लिहिलेला काव्यशास्त्राचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १५५५ मध्ये गेंट येथे छापला गेला. डच भाषेतील हे पहिले छापील काव्यशास्त्र. त्यात बुद्धिबळाच्या पटासारखी चौसष्ट घरांत मांडलेली एक कविता आहे. वेगवेगळ्या दिशांनी वाचली की वेगवेगळी काव्ये निघतात. आपल्याकडील चित्रकाव्याला जे दूषण दिले जाते, तेच याला दिले गेले, आणि ते सर्वस्वी अन्यायाचे आहे असे मी म्हणणार नाही.

मंडळांचा खरा प्राण मात्र नाटकात होता. एक प्रश्न दिला जाई आणि प्रत्येक मंडळाने त्या प्रश्नाचे उत्तर नाटकातून द्यायचे. पात्रे म्हणजे कल्पना: 'विवेक', 'आळस', 'लोभ', 'शहरातील सामान्य माणूस'. त्यांत दोन खट्याळ दुष्ट पात्रांची एक जोडी हमखास असे. ही जोडी नायकाला फसवी, एकमेकांशी भांडे आणि मधूनमधून थेट प्रेक्षकांशी बोले. लोकांना सर्वांत आवडे ती हीच.

या पद्धतीवर टीका करणे अगदी सोपे आहे आणि ती भरपूर झाली. एकोणिसाव्या शतकातील डच साहित्येतिहासकारांनी रेडरायकरांचा काळ म्हणजे दोन उंच शिखरांमधली दलदल मानली. अलीकडे मध्ययुगातील गूढवादी व शूरकथा, पलीकडे सतराव्या शतकातील व्हॉन्डेल आणि होफ्ट. मध्ये दीडशे वर्षे नुसते यमक जुळवणारे न्हावी आणि शिंपी. आरोपपत्रातील कलमे अशी: यांच्या भाषेत फ्रेंच शब्दांची खोगीरभरती; यांचे छंद म्हणजे कसरत; विषय दिलेला, ध्रुवपद दिलेले, मग प्रतिभेला उरले काय; आणि बैठकींत कवितेपेक्षा पेल्यांकडे लक्ष अधिक. डच भाषेत तर रेडरायकर म्हणजे सुरईत डोकावणारे, अशा अर्थाची यमकबद्ध म्हणच आहे. चित्रकार यान स्टेनने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रेडरायकरांची चित्रे काढली, त्यांत हाच सूर आहे. खिडकीच्या चौकटीत चार-पाच चेहरे. एक कागद धरून मोठ्याने वाचतो आहे, मागे कोणीतरी पेला तोंडाला लावला आहे, खाली मंडळाची ढाल लटकते आहे.

हे आरोप बऱ्याच अंशी खरे आहेत. रेडरायकरांचे हजारो रेफ्रेन आज कोणी आनंदासाठी वाचणार नाही. त्यांची नाटके लांबलचक आहेत. एकाच प्रश्नाला दहा मंडळांनी दिलेली उत्तरे एका बैठकीत वाचून काढणे ही शिक्षा आहे. माझा आक्षेप यापुढच्या पायरीला आहे. 'या कविता मध्यम आहेत, म्हणून हा काळ नगण्य आहे' या वाक्यातील 'म्हणून'ला आहे.

यावर नेहमीचा बचाव ठरलेला आहे: ही मंडळे नसती तर पुढचा व्हॉन्डेल झाला नसता. ते खरेही आहे. व्हॉन्डेल हा डच भाषेचा सर्वांत मोठा नाटककार. अँटवर्पहून धर्मासाठी परागंदा झालेल्या कुटुंबात १५८७ मध्ये तो जन्मला. त्याचे पहिले नाटक ॲमस्टरडॅममधील 'पांढरे लव्हेंडर' या स्थलांतरित ब्राबांतकरांच्या मंडळाने १६१० मध्ये रंगमंचावर आणले. पण हा बचाव मला मान्य नाही, कारण तो माप बदलत नाही. थोर कवी हेच अंतिम मूल्य धरून बाकीच्यांना त्याच्या मुळाशी घालायचे खत म्हणून वाचवायचे, असा तो सौदा आहे. ज्याने आयुष्यभर कापड रंगवले आणि रात्री नाटके लिहिली, तो काही शंभर वर्षांनंतरच्या व्हॉन्डेलसाठी लिहीत नव्हता. तो समोर उभ्या असलेल्या शहरासाठी लिहीत होता. त्याचा हिशेब त्या शहराशीच मांडला पाहिजे.

कापड रंगवणारा हा काल्पनिक नाही. त्याचे नाव कोर्नेलिस एव्हरार्ट, ब्रूजचा, सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. धंदा कापड खुंदण्याचा आणि रंगवण्याचा. त्याने स्वतःच्या हाताने उतरवून ठेवलेली पस्तीस नाटके आज उपलब्ध आहेत. त्यांत युद्धाने थांबलेला व्यापार आहे, महागाई आहे, काम नसलेला मजूर आहे. नाण्यांच्या चढउताराने गरिबांचे कसे हाल होतात यावर त्याने एक नाटक लिहिले. त्याच्या प्रयोगाला मनाई झाली. दरबारी इतिहासकार चलनधोरणाविषयी लॅटिनमध्ये किंवा फ्रेंचमध्ये लिहीत असतील. चौकातल्या माणसाला त्याच्या बोलीत ते कळावे म्हणून कोणीतरी रूपक रचले, आणि सत्तेला ते नाटक थांबवावेसे वाटले. या कृतीचे मोल आपण 'काव्यगुण' या रकान्यात कसे भरणार? त्याच शहरातला आंतोनिस द रोव्हर हा गवंडी. १४६६ पासून ब्रूज शहराने त्याला वार्षिक मानधन सुरू केले. पंधराव्या शतकात एका गवंड्याला नगरपालिकेने कवी म्हणून तनखा द्यावा, ही घटना कोणत्याही वाङ्मयेतिहासात स्वतंत्र परिच्छेदाची धनी आहे.

दोन स्पर्धांची हकीकत सांगितल्यावाचून मात्र माझे म्हणणे पूर्ण होणार नाही.

पहिली गेंटची, १५३९ ची. यजमान 'फॉन्टेन'. प्रश्न असा: मरणाऱ्या माणसाला सर्वांत मोठे सांत्वन कशाचे? एकोणीस मंडळांनी नाटके सादर केली. आज हा प्रश्न भाविक आणि निरुपद्रवी वाटतो. पण त्या वेळी ल्यूथरच्या बंडाला दोन दशके होऊन गेली होती आणि युरोपातील सर्वांत धगधगता वाद नेमका हाच होता: माणूस तरतो तो चर्चच्या विधींनी आणि पुण्यकर्मांनी, की केवळ ईश्वराच्या कृपेवरील श्रद्धेने? विद्यापीठांत हा वाद लॅटिनमध्ये चाले. गेंटच्या चौकात तो विणकरांपुढे आणि खाटकांपुढे, त्यांच्याच भाषेत, वेशभूषेसह मांडला गेला. अनेक नाटकांत चर्चच्या मध्यस्थीचा उल्लेख जवळजवळ नव्हता. नाटके त्याच वर्षी योस लाम्ब्रेख्ट या मुद्रकाने छापली, आणि लवकरच ती बंदी घातलेल्या पुस्तकांच्या यादीत गेली. त्याच सुमारास गेंटने करांवरून पाचव्या चार्ल्सविरुद्ध बंड केले होते. १५४० मध्ये बादशहाने शहर नमवले, त्याचे विशेष हक्क काढून घेतले. बंडाची कारणे आर्थिक आणि राजकीय होती. नाटकांनी बंड घडवले असे म्हणता येणार नाही. पण समकालीनांना तसे वाटले, ही गोष्ट महत्त्वाची. वीस-बावीस वर्षांनंतरही रिचर्ड क्लफ नावाचा अँटवर्पमधील एक इंग्रज व्यापारी प्रतिनिधी आपल्या पत्रात लिहितो की गेंटच्या विनाशाला ती नाटके हे एक प्रमुख कारण झाले.

क्लफने हे पत्र लिहिले ते दुसऱ्या स्पर्धेच्या निमित्ताने. ब्राबांतमधील मंडळांची 'लांडयुव्हेल' नावाची स्पर्धामालिका १५१५ पासून सुरू होती. नियम असा की जिंकणाऱ्याने पुढची स्पर्धा भरवायची. १५४१ मध्ये डीस्ट येथे अँटवर्पचे 'व्हिओलीरन' जिंकले. पण युद्ध, पैशाची चणचण आणि धार्मिक दडपशाही यांमुळे पुढची स्पर्धा भरायला वीस वर्षे लागली. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने १५६० मध्ये धर्मविषयक नाटकांवर आणि गाण्यांवर बंदी घातली होती. परवानगीसाठी मंडळाने चोवीस विषयांची यादी शासनाकडे पाठवली. पार्माची मार्गारेट तेव्हा राजप्रतिनिधी होती. चोवीसांतून तीन विषय मान्य होऊन परत आले: अनुभवाने शहाणपण अधिक येते की विद्येने, श्रीमंत कंजूष आणखी धनाची हाव का धरतो, आणि माणसाला कलांकडे सर्वाधिक काय प्रवृत्त करते. मंडळाने तिसरा निवडला.

३ ऑगस्ट १५६१ रोजी मंडळे अँटवर्पमध्ये शिरली. सुमारे चौदाशे घोडेस्वार, रंगवलेले रथ, शेकडो गाड्या, मशाली. क्लफ थक्क झाला आणि त्याने ते सारे आपल्या मालकाला, टॉमस ग्रेशमला, कळवले. नाटके १५६२ मध्ये विलेम सिल्व्हियसने ग्रंथरूपाने छापली. साहित्येतिहासात या घटनेचे वर्णन 'वैभवशाली पण पोकळ' असे करण्याची रीत आहे. प्रश्न सरकारमान्य, उत्तरे सौम्य, मिरवणूक भपकेदार. मला त्यात दुसरेही काही दिसते. चोवीस प्रश्नांतून एकवीस नाकारले जातात, याचा अर्थ एकवीस प्रश्न सत्तेला डाचले. एखाद्या संस्थेचे सामर्थ्य तिच्या उत्तरांवरून ठरवायचे की तिच्या नाकारलेल्या प्रश्नांवरून?

पुढचे घडले तेही सांगितले पाहिजे. निषिद्ध पुस्तके छापल्याबद्दल मुद्रक आणि रेडरायकर फ्रान्स फ्राटला १५५८ मध्येच अँटवर्पमध्ये मृत्युदंड झाला होता. १५६१ च्या सोहळ्यात 'व्हिओलीरन'चा प्रमुख होता नगराध्यक्ष आंतोनी व्हान स्ट्रालेन. १५६८ मध्ये आल्बाच्या ड्यूकच्या राजवटीत त्याचा शिरच्छेद झाला. त्यामागे राजकारण होते, केवळ कविता नव्हे. पण ज्या कवितेला पुढे 'फावल्या वेळचा छंद' म्हटले गेले, ती करणाऱ्यांच्या जगात जीव जात होते, एवढे तरी लक्षात ठेवावे.

राजसत्तेने मंडळांना मारण्याआधी कुशीत घेण्याचाही प्रयत्न केला होता. १४९३ मध्ये फिलिप 'देखण्या'ने मेखेलन येथे मंडळांची सभा बोलावून सर्वांवर एक सर्वोच्च मंडळ नेमले. ब्राबांतकरांनी ते कधी मनापासून मानले नाही. पारितोषिक कोणी द्यायचे, नियम कोणी करायचे, हा प्रश्न त्यांना कवितेइतकाच महत्त्वाचा होता.

१५८५ मध्ये अँटवर्प स्पेनच्या हाती पडले आणि हजारो माणसे उत्तरेकडे गेली. कथा आता ॲमस्टरडॅम, हार्लेम, लायडन येथे सरकते. इथे मला माझ्या पेशामुळे सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट घडते. ॲमस्टरडॅममध्ये 'एगलंटीर', म्हणजे रानगुलाब, नावाचे मंडळ होते. ब्रीद 'प्रेमात बहरणारे'. त्यात हेन्ड्रिक स्पीगल आणि रूमर व्हिस्खर हे व्यापारी होते आणि त्यांच्याशी जवळीक असलेला विचारवंत डिर्क कोर्नहर्ट होता. १५८४ मध्ये या मंडळाने लायडन येथे प्लांटँच्या छापखान्यातून एक पुस्तक काढले: डच भाषेचे पहिले छापील व्याकरण. दोन मित्रांच्या संवादाच्या रूपात लिहिलेले, मुख्यतः स्पीगलच्या हातचे, पण मंडळाच्या नावाने प्रसिद्ध झालेले. पाठोपाठ तर्कशास्त्र आणि वक्तृत्वशास्त्र यांवरची पुस्तके आली. व्याकरण, तर्क, वक्तृत्व ही लॅटिन पाठशाळेची त्रयी संपूर्णपणे देशभाषेत. परकीय शब्दांऐवजी डच शब्द घडवले. आणि लायडनच्या नव्या विद्यापीठाने, जे १५७५ मध्ये स्थापन झाले होते, देशभाषा जवळ करावी, तिच्यातून विद्या शिकवाव्यात, असे आवाहन केले.

ज्या मंडळांवर फ्रेंच शब्दांनी भाषा बाटवल्याचा आरोप आहे, त्यांच्यातल्याच एकाने भाषाशुद्धीचा ग्रंथ काढला. देशभाषेला ज्ञानभाषा करण्याचे काम विद्यापीठाने सुरू केले नाही. ते संध्याकाळी दुकान बंद करून खोलीत जमणाऱ्या, एकमेकांना विषय देऊन रेफ्रेन रचणाऱ्या लोकांनी सुरू केले. विद्यापीठात लॅटिन पुढे शतकानुशतके टिकली. मंडळांतून बाहेर पडलेला वैद्य आणि नाटककार सामुएल कॉस्टर याने १६१७ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये डच भाषेतील 'अकादमी' काढली. तिथे नाटकांबरोबरच गणित आणि हिब्रू डच भाषेतून शिकवायचे होते. चर्चच्या पुढाऱ्यांनी विरोध केला आणि शिकवणे लवकरच थांबले. नाटके चालू राहिली. मंडळे आणि अकादमी १६३२ मध्ये एक झाली, आणि त्यांतून जे नाट्यगृह उभे राहिले, त्याचा पडदा ३ जानेवारी १६३८ रोजी व्हॉन्डेलच्या नाटकाने उघडला. त्याच्या उत्पन्नातून शहराचा अनाथाश्रम आणि वृद्धाश्रम चाले.

हे अनाथाश्रमाचे सूत्र योगायोगाचे नाही. हार्लेममध्ये १६०६ साली वृद्धाश्रम बांधण्यासाठी सोडत काढायची होती. तिची हाक गावोगावी पोहोचवण्यासाठी तेथील मंडळाने रेडरायकरांची स्पर्धा भरवली. त्या पैशांतून वृद्धाश्रम उभा राहिला. आज त्याच इमारतीत फ्रान्स हाल्स संग्रहालय आहे. तिथे येणारे लोक चित्रे पाहतात; भिंती मध्यम दर्जाच्या कवितांनी उभ्या केल्या आहेत, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही.

रेडरायकरांचा मला गौरव करायचा नाही. ही मंडळे पुरुषांची होती. स्त्रियांना पूर्ण सभासदत्व सहसा नसे. या काळातील सर्वांत धारदार रेफ्रेन लिहिणारी अँटवर्पची शाळाशिक्षिका आना बायन्स. ल्यूथरविरुद्ध तिने जे लिहिले, ते १५२८ पासून तीन संग्रहांत छापले गेले. पण स्पर्धांच्या पारितोषिकांच्या जगात तिला जागा नव्हती. ज्या खोलीला मी एवढे श्रेय देतो, त्या खोलीच्या दाराबाहेर त्या प्रकारातली सर्वांत मोठी कवयित्री उभी होती. मंडळे नगरसभेच्या पैशावर चालत आणि पैसे देणाऱ्याला दुखवायचे नाही, हे बहुतेक फाक्टर जाणून होते. एव्हरार्टसारखे अपवाद. आणि सतराव्या शतकात उत्तम कवी स्वतःचे मार्ग शोधू लागले, तेव्हा मागे उरले ते खरोखरच यान स्टेनच्या खिडकीतले चेहरे.

तरीही गेल्या काही दशकांत डच आणि फ्लेमिश अभ्यासकांनी या विषयाकडे नव्याने पाहिले, याचे कारण त्यांना अचानक चांगल्या कविता सापडल्या असे नाही. ॲन-लॉर व्हान ब्रुआन यांनी दक्षिणेकडील मंडळांचा २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास घ्या. त्यात दोनशेहून अधिक मंडळांची माहिती पाहून त्यांनी विचारलेला प्रश्न आहे तो शहराचा: ही मंडळे नागरी जीवनात काय करीत होती? प्रश्न बदलला, तसे उत्तरही बदलले.

साहित्याचा इतिहास आपण शिखरांचा शिकवतो. विद्यार्थी नावे पाठ करतो, कालखंड पाठ करतो, आणि त्याच्या मनात नकळत एक समज रुजतो: साहित्य म्हणजे एकट्या, असामान्य माणसाने केलेले काम, बाकीच्यांनी ते वाचायचे आणि उत्तरपत्रिकेत त्याची वैशिष्ट्ये लिहायची. या समजाला रेडरायकरांचा इतिहास हा सबळ पुरावा देऊन केलेला प्रतिवाद आहे. इथे खाटीक, रंगारी, गवंडी, नोटरी, चित्रकार आणि मुद्रक यांनी दोनशे वर्षे एकत्र बसून आपल्या भाषेत युक्तिवाद करण्याचा, ओळ घडवण्याचा आणि ती फसली की पुन्हा घडवण्याचा सराव केला. बहुतेकांच्या ओळी फसल्या. पण ओळ कशी फसते हे ज्याला स्वतःच्या हाताने कळले आहे, तो दुसऱ्याची ओळ वेगळ्या कानाने ऐकतो. १६३८ साली व्हॉन्डेलच्या नाटकासमोर बसलेल्या प्रेक्षकांत असे कान किती असतील, याची कल्पना करावी. नाटककाराला असे श्रोते मिळणे हे भाग्य खरेच; पण माझ्या मते त्या श्रोत्यांचे असणे हेच मुळात त्या भाषेचे वैभव होते. व्हॉन्डेल झाला नसता, तरी ते वैभवच ठरले असते.

वर्गात विद्यार्थी कधीकधी संकोचाने वहीतली स्वतःची कविता दाखवतात. ती बहुधा सामान्य असते. पूर्वी मी ती वाचून थोर कवींची यादी हाती देत असे. हल्ली त्याच वहीत एखादे ध्रुवपद लिहून देतो आणि सांगतो, उद्या यावर चार कडवी करून आण, आणि येताना आणखी दोघांना घेऊन ये.